आम्ही नेपल्सला उतरलो तो दिवस

मी जहाजाने विलायतेला जाणार हे आमच्या वडनेरच्या घरात कळले, तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो जहाजावर पिण्याचे पाणी कोठून भरतात हा. समुद्राचे पाणी खारट असते हे त्यांना ठाऊक होते, कारण नांदुऱ्याच्या बाजारात मिठाचा व्यापारी त्यांच्या शेजारीच बसायचा आणि भाजी विकता विकता दोघांच्या गप्पा चालायच्या. मी बी.एस्सी. झालेला, घराण्यातला पहिला, पण या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते. "भरत असतीन कुठंतरी," मी म्हटले. "कुठंतरी म्हणजे कुठं? मधात तं गावच नाही लागत म्हणतात," बाबा म्हणाले. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. ती मान न वळवता म्हणाली, "दोन घागरी संग देऊ काय?" आणि आम्ही तिघेही इतके हसलो की तव्यावरची भाकर करपली. करपलेली भाकर बाबांनी घेतली. घरात काहीही करपले तर ते बाबांच्या ताटात जायचे, आणि ते त्याला लागलीच चांगले म्हणायचे.

आमचा भाजीचा मळा गावाला लागून होता. वांगी, मिरच्या, गवार, हिवाळ्यात मेथी आणि कोथिंबीर. दिवस मावळताना भाजी तोडून ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायची आणि पहाटे बैलगाडीने नांदुऱ्याला न्यायची, हा आमच्या घराचा क्रम. माझ्या लहानपणाचा वास मला विचाराल तर तो ओल्या पोत्याचा आहे. त्या पोत्यावर बसून मी नांदुऱ्याच्या शाळेत गेलो. बाबा बाजारात उतरत आणि मी दप्तर घेऊन शाळेत. अंगाला मेथीचा वास यायचा म्हणून पोरे मला "जुडी" म्हणत. मॅट्रिकला बरे गुण पडले आणि मग मावशीमुळे माझे सगळे बदलले.

मावशी म्हणजे मायची चुलत बहीण. दोघी वडनेरलाच एका अंगणात वाढलेल्या. "ते जीनवाल्याच्या घरी पडली, मी वांगेवाल्याच्या," असे माय स्वतःच म्हणायची आणि त्यात तिला काही वाईट वाटत नसे. मावशीचे यजमान आबासाहेब यांची खामगावला कापसाची जीन होती, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. मला कॉलेजात घालायचे ठरले तेव्हा मावशीने निरोप पाठवला की पोराला माझ्याकडे राहू दे. मी पदवी होईपर्यंत त्या घरी राहिलो. जेवलो, निजलो, आजारी पडलो तेव्हा मावशीने माझ्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. हे मी आधी लिहून ठेवतो, कारण पुढचे वाचून कोणी मला कृतघ्न म्हणू नये. त्या घराचे अन्न माझ्या हाडात आहे.

हंगामात जीन रात्रंदिवस चालायची. तो आवाज इतका एकसारखा असे की तो थांबला तरच जाग यायची. रुईचे तंतू हवेत तरंगत, वरणात पडत, पुस्तकात अडकत. प्रभाकर, मावशीचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वयाचा आणि माझ्याच वर्गात. आम्ही दोघे मागच्या खोलीत शेजारी गाद्या टाकून निजायचो. तो मोठा गमत्या होता. प्राध्यापकांच्या नकला करायचा, आणि त्या इतक्या हुबेहूब की एकदा आबासाहेबांनी बाहेरून ऐकून "या सर, बसा," म्हणून आवाज दिला होता. पण घराबाहेर पडला की त्याची कळा जायची. परक्याच्या हातचे खाणे त्याला जात नसे. बैलगाडीत मळमळायचे, मोटारीत ओकारी व्हायची. परीक्षेच्या सकाळी पोट बिघडायचे, आणि मी त्याला हाताला धरून हॉलपर्यंत न्यायचो. त्याचा अभ्यास मीच घ्यायचो. तो पास झाला की मावशी माझ्या तोंडात आधी पेढा घालायची आणि मग त्याच्या.

आबासाहेबांनी एका संध्याकाळी मला ओसरीवर बोलावले. ते झोपाळ्यावर होते. "वासुदेव," ते म्हणाले, "परभाकरले विलायतेले धाडतो. कपड्याचं शास्त्र शिकवते तिथं. तू बी जाय त्याच्यासंग. दोघं संग असले का मले घोर नाही." मी विचारले, "मी बी तिथं शिकीन ना, आबासाहेब?" ते हसले. "शिकाले काय, हुशार माणूस कुठंबी शिकते," असे म्हणून त्यांनी झोपाळ्याला पायाने रेटा दिला. हे वाक्य मी पुढे आयुष्यभर उलटून पालटून पाहिले. त्या संध्याकाळी मात्र मी ते जसेच्या तसे आनंदाने घेतले. कॉलेज कोणते, माझा अर्ज कोणी केला, राहायचे कोठे, हे मी विचारले नाही. त्या घरात मी घरचा होतो आणि घरच्याने आपल्या वाट्याचे विचारायचे नसते, असे मला वाटायचे. कागदपत्रांचे सगळे जिनीतल्या दिवाणजींनी पाहिले. तिकिटे प्रभाकरच्या चामडी बॅगेत गेली.

पोळा झाला आणि निघायचा दिवस आला. गावाने मारुतीच्या पारावर सत्कार ठेवला. नांदुऱ्याच्या शाळेचे हेडमास्तर मुद्दाम आले. त्यांनी भाषणात सांगितले की वडनेरच्या मळ्यातला हा पोरगा विलायतेची पदवी घेऊन येईल आणि आपल्या नव्या महाराष्ट्राला अशाच पोरांची गरज आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेब खुर्चीवर बसले होते, त्यांनीही वाजवल्या. मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या वेळी ते एक शब्द बोलू शकले असते. बोलायला जागा होती, वेळ होता, आणि आम्ही दोघे एकमेकांच्या इतके जवळ होतो की त्यांच्या उपरण्याचा अत्तराचा वास मला येत होता.

मायने दशम्या दिल्या, जवसाची चटणी दिली, दराब्याचे लाडू, लिंबाचे लोणचे आणि लाल मिरचीच्या ठेच्याची एक मोठी चिनी मातीची बरणी, तोंडाला तेलाचे फडके बांधलेली. बाबांनी पाण्याचा विषय पुन्हा काढला नाही. स्टेशनवर ते फक्त म्हणाले, "तिकडचे वांगे कसे असतात ते पाहून ठेवजो."

जहाजाबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण मला आठवते ते मुख्यतः प्रभाकरचे कपाळ. मुंबई सुटल्यापासून एडनपर्यंत तो आडवाच होता आणि मी त्याचे कपाळ धरून बसलेला. आमची केबिन खालच्या मजल्यावर, चार माणसांची. बाकीचे दोघे जण वासाला कंटाळून दिवसभर डेकवर बसत. मी टमरेल धूत होतो, लोणच्याची फोड त्याच्या जिभेला लावत होतो, जेवणघरातून उकडलेले बटाटे आणून ठेच्याशी कालवून त्याला भरवत होतो. "वासू, तू नसता तं मेलोच असतो बे मी," तो म्हणायचा. "मरत नाही काही. गप गिळ," मी म्हणायचो. यात मला ओझे वाटत नव्हते. तो माझा भाऊ होता.

लाल समुद्रात पाणी शांत झाले तसा तो उठून बसू लागला. मी डेकवर सुताच्या रसायनशास्त्राचे एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन बसायचो. कॉलेजच्या सरांनी निरोप देताना दिले होते. मला वाटे, तिथल्या पोरांच्या बरोबरीने बसायचे तर आतापासून तयारी हवी. प्रभाकर शेजारी रेलून माझ्याकडे पाहत राही. एकदा म्हणाला, "एवढं काऊन वाचून राह्यला बे? सोड ना. समुद्र पाय." मी म्हटले, "समुद्र काय, वापस येतानी बी दिसंन." तो उठला आणि कठड्याकडे जाऊन उभा राहिला. मला वाटले, पुन्हा मळमळले असेल.

मागच्या हिवाळ्यात माझा धाकटा मुलगा आणि सून सुट्टीत फिरायच्या जहाजाने त्या भागात जाऊन आली. ते जहाज म्हणजे पाण्यावरचे गावच, पोहायचा हौद आणि सिनेमासकट. सकाळी नेपल्सला लागले, संध्याकाळी निघाले. त्यांनी बंदरासमोरच्या किल्ल्याचा फोटो मला फोनवर पाठवला. "बाबा, तुम्ही इथे आला होता ना?" मी "हो" लिहिले. सुनेने विचारले, "तेव्हाही असेच होते का?" मी अंगठ्याचे चित्र पाठवून मोकळा झालो. किल्ला तोच आहे. जाड, काळपट, गोल बुरुजांचा, मधल्या दोन बुरुजांत पांढऱ्या संगमरवराचा दरवाजा बसवलेला. आमचे जहाज सकाळी धक्क्याला लागले तेव्हा पहिल्यांदा तोच दिसला, आणि त्याच्या उजव्या हाताला, पाण्यापलीकडे, तो प्रसिद्ध ज्वालामुखी. त्यातून धूर निघत नव्हता. प्रभाकर म्हणाला, "यानं गाव गाडलं म्हणतात? हा तं आपल्या अजिंठ्याच्या डोंगरावानी दिसते."

जहाज संध्याकाळपर्यंत थांबणार होते. प्रभाकर त्या दिवशी भलताच उत्साही होता. "चाल, आज तू म्हणशीन तिथं जाऊ. आज तुहा दिवस," तो म्हणाला. मला त्यात वावगे काही वाटले नाही. जमिनीला पाय लागल्यावर त्याला बरे वाटत असेल, एवढेच मनात आले.

ती सकाळ माझ्या आयुष्यातल्या फार सुंदर सकाळींपैकी एक आहे, हे मला आजही नाकारता येत नाही. बंदर सोडून आम्ही चढाच्या गल्ल्यांत शिरलो. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील, आणि वर पाच-पाच मजले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, त्यांवर चादरी, परकर, लहान मुलांचे कपडे. खालून आकाशाची फक्त एक पट्टी दिसे. काही घरे लढाईत पडलेली होती, ती तशीच. तिसऱ्या मजल्यावर नुसती एक भिंत उभी आणि तिच्यावर अजून टोपीची खुंटी. बायका एकमेकींशी खिडक्यांतून बोलत होत्या, म्हणजे ओरडत होत्या, आणि ते भांडण आहे की चौकशी हे कळत नव्हते. "आपली बाजारगल्ली हाये अगदी," प्रभाकर म्हणाला.

मग मी भाजीवाला पाहिला. हातगाडीवर भाजी, आणि त्याची आरोळी बाबांच्या आरोळीसारखीच शेवटी वर चढणारी. चौथ्या मजल्यावरून एका म्हातारीने दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. त्याने तिच्यात टमाटे आणि लसणाची माळ घातली, तिने वरून काहीतरी खेकसून सांगितले, त्याने एक टमाटा बदलला, आणि टोपली डुलत डुलत वर गेली. मी तोंड उघडे टाकून पाहत उभा राहिलो. त्याच्याकडे वांगीही होती, लांबट, काळी, तेल लावल्यासारखी चकचकीत. मी एक उचलून देठ पाहिला. काटा नव्हता. मी खुणेने विचारले, काटा नाही? त्याला काही कळले नाही, पण तो हसला आणि ते वांगे त्याने माझ्या कोटाच्या खिशात खुपसले. प्रभाकर पोट धरून हसला. "विलायतेले शिकाले आला आन वांगं घेऊन चालला!"

एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आम्ही अंधारात थोडा वेळ बसलो. मेणबत्त्या लावत होते. प्रभाकरनेही एक लावली. "काय मागितलं?" मी विचारले. "तुह्यासाठी मागितलं," तो म्हणाला. मी म्हटले, "दोघांसाठी मागायचं ना, येड्या." पुढे एका उंच जागी गेलो, तेथून सगळे बंदर दिसत होते, आमचे पांढरे जहाजही. मी त्याला म्हटले की इथूनच आगगाडीने गेलो असतो तर निम्मी इटली पाहून झाली असती. तो म्हणाला, "हूं." मी म्हटले, पदवी झाली की येताना नक्की तसे करू. तो म्हणाला, "वासू, भूक लागली. चाल खाली."

खाली बंदराजवळच्या एका खानावळीत कांतीभाई आमची वाट पाहत होते. हे आबासाहेबांचे ओळखीचे गुजराती गृहस्थ, तिकडे कापसाच्या दलालीत असलेले. ते नेपल्सला आमच्या जहाजावर चढून पुढे जिनोआपर्यंत आणि तेथून गाडीने विलायतेपर्यंत बरोबर येणार, एवढे मला माहीत होते. गोल चेहऱ्याचे, बोलके, मनाने चांगले. त्यांनी आमच्यासाठी टमाट्याची भाकरी म्हणावी तसे काहीतरी मागवले, वर हिरवी पाने टाकलेली, आणि कोणाला मांस नको हे वाढप्याला पुन्हा पुन्हा बजावले. मी पहिला घास तोडला आणि ते माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाले, "आपके लिए कमरा ठीक करा दिया है, बंदर के पास ही. मालकिन भली औरत है. वापसी का जहाज परसों-नरसों आ जाएगा. घबराना नहीं."

मी प्रभाकरकडे पाहिले. मला वाटले कांतीभाईंची माणसांत गफलत झाली. प्रभाकर ताटलीत पाहत होता.

"परभ्या, हे काय म्हणून राह्यले?"

"जेवण होऊ दे ना, वासू."

"काय म्हणून राह्यले हे?"

"तुहं तिकीट इथलोकच हाये," तो म्हणाला. "इथून वापसीचं हाये. पुढे कांतीभाई हायेत माह्यासंग."

खानावळीत कोणीतरी मोठ्याने हसत होते. मी विचारले, "तुले कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"आन सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं तं तू आला असता काय?" त्याचा आवाज चढला, आणि मग एकदम रडवेला झाला. "त्या जहाजात एकटा मेलो नसतो काय मी? आई म्हणे, पोरीसंग पाठराखीण धाडते तसा वासूले धाडू. पोरगं रुळलं का वासू येईन वापस. तिच्यासंगबी तुहीच माय आली होती ना पाठराखीण. त्यात काय वाईट हाये?"

आमच्याकडे नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरची एखादी बाई किंवा मुलगी जाते, पाठराखीण म्हणून. नवरीला परके वाटू नये, रात्री रडू आले तर शेजारी ओळखीचे कोणी असावे, म्हणून. नवरी रमली की पाठराखीण परत येते. तिला लुगडे देतात, ओटी भरतात, चांगले जेवू घालतात. तिच्याशी कोणी वाईट वागत नाही. फक्त ते घर तिचे नसते, आणि हे तिला निघतानाच माहीत असते. मी तिथे बसलो होतो आणि मला एवढेच सुचत होते की माझ्या मायला जाताना माहीत होते, मला नव्हते. पारावर ज्या गळ्यात हार पडले तो गळा पाठराखिणीचा होता. हेडमास्तर कोणाचे कौतुक करत होते? आणि आबासाहेब कशासाठी टाळ्या वाजवत होते?

"मले वाटलं, आज दिवसभर तुले फिरवतो, मंग सांगतो," प्रभाकर म्हणाला.

कांतीभाईंना मराठी कळत नव्हते, पण बाकी सगळे कळले. त्यांनी घास खाली ठेवला. "अरे, इनको बताया नहीं था?" ते प्रभाकरला म्हणाले. त्या टेबलावर माझ्यासाठी शरम वाटली ती त्या परक्या माणसाला.

मी सामान आणायला केबिनमध्ये गेलो तेव्हा प्रभाकर मागोमाग आला. मी ट्रंक भरत होतो आणि तो माझ्या बिछान्यावर बसून होता. सुताच्या रसायनशास्त्राचे पुस्तक मी त्याच्या उशीवर ठेवले. "हे तुह्या कामी येईन," मी म्हटले. तो म्हणाला, "मी चिठ्ठी लिहीन आबाले, तुलेबी बोलावतो पुढच्या साली." मी ट्रंकेला कडी लावत होतो तेव्हा तो हळूच म्हणाला, "वासू, ठेच्याची बरणी इथंच ठेवशीन काय? तिकडे काही खाल्लं जात नाही मले."

आजपर्यंत मला कोणी असे काही मागितले आणि मी नाही म्हटले असे फार झाले नाही. पण ती बरणी मी उचलली, छातीशी धरली आणि शिडी उतरलो.

जहाज सुटताना पाहायला मी गेलो नाही. कांतीभाईंनी ठरवलेल्या खोलीत बसून होतो. भोंगा मात्र ऐकू आला, लांबलचक, जिनीच्या भोंग्यासारखा. घरमालकीण विधवा होती, काळे कपडे घालायची. तिने माझ्या कोटाच्या खिशातून वांगे काढले, मला दाखवून हसली, आणि त्याच्या चकत्या तेलात तळून मला वाढल्या. मी त्या ठेच्याशी खाल्ल्या. त्यानंतर परतीचे जहाज येईपर्यंत मी त्या शहरात होतो, पण शहर पाहिले नाही. रोज बंदरावर जाऊन धक्क्याच्या दगडावर बसायचो. ज्या गल्ल्यांत मी त्या सकाळी हरखून फिरलो होतो त्या पाठीमागेच होत्या, आणि टोपल्या वर-खाली होत असणार.

प्रभाकर पुढे शिकून आला, जीन सांभाळली, बरा माणूस म्हणून नाव मिळवले. मी शास्त्र शिकवणारा मास्तर झालो आणि त्याच नोकरीत सुखाने निवृत्त झालो. लग्नकार्यात आम्ही भेटायचो. तो दरवेळी मला पहिल्या पंगतीत, आपल्या शेजारी बसवायचा. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही, आणि मी कधी विषय काढला नाही. लोक म्हणायचे, यांची मैत्री पाहा.

त्या वेळी परत येऊन मुंबईहून नांदुऱ्याला उतरलो तेव्हा दुपार होती. वडनेरच्या फाट्यावर एस.टी.तून ट्रंक उतरवत होतो तर पानठेल्यावरचा गंगाराम ओरडला, "काय बे वासू, विलायत बंद होती काय?" सगळे हसले. त्यांचे चुकले नाही. महिनाभरापूर्वी त्यांनीच मला हार घातले होते.

बाबा मळ्यात होते. मी बांधावर दिसलो तसे ते वाकलेले उठले आणि हातातली वांग्यांची पाटी तशीच धरून माझ्याकडे आले. माझ्या पायांकडे, ट्रंकेकडे, पुन्हा तोंडाकडे पाहिले. "तब्येत?" एवढेच विचारले. मी म्हटले, बरी आहे, बाबा. मग त्यांना सांगितले. फार शब्द लागले नाहीत. ते ऐकत असताना त्यांच्या हातातली पाटी कलत गेली आणि वांगी एकेक करून वाफ्यात पडली. "आबासाहेब तं खुर्चीवर बसले होते," ते म्हणाले. "मी पाह्यलं. टाळ्या वाजवून राह्यले होते." ते हे दोनदा म्हणाले, जणू मलाच ते पटवून द्यायचे होते. मग त्यांनी माझी ट्रंक खांद्यावर घेतली. मी नको म्हणत होतो तरी घेतली आणि पुढे चालू लागले.

माय अंगणात मिरच्या वाळत घालत होती. आमची चाहूल लागून तिने वर पाहिले. तिचा चेहरा उजळला.

"आला काय?" ती म्हणाली. "मले वाटलं, कोजागिरीलोक येशीन."

बाबा ट्रंक खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले. मीही. अंगणात मिरच्यांचा नाकाला झोंबणारा खाट उठला होता आणि डोळ्यांना पाणी येत होते, ते पुसायचे कोणाला सुचले नाही. बाबांनी विचारले, "तुले माहीत होतं?"

"खामगावच्या ताईनं सांगितलं होतं मले," माय म्हणाली. तिने हात पदराला पुसले. "मीच म्हटलं, त्याले सांगू नको. सांगितलं असतं तं हा गेला नसता. आन नसता गेला तं काय पाह्यलं असतं यानं? वडनेर आन नांदुरा?" तिने माझ्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आन खरंच शिकाले गेला असता तं वापस आला असता काय रे तू?"

प्रभाकरचे मी समजू शकलो; तो भित्रा होता. आबासाहेबांचेही, त्यांना मुलगा एकच. मी मान खाली घातली. तिच्या पायांना चिकटलेल्या मिरचीच्या बिया मला दिसत होत्या. आज मला मुले आहेत, नातवंडे आहेत, ती लांब लांब गेली आहेत, आणि तिने असे का केले हे मला आता कोणी समजावून सांगायची गरज नाही. तरी अंगणातला तो क्षण जसा होता तसाच आहे. समजल्याने त्यातले काही कमी झाले नाही.

बाबा ट्रंक ठेवून न जेवता मळ्यात निघून गेले. मायने मला पाट मांडला. ताजी भाकर, वांग्याची भाजी, वर कच्चे तेल. मी जेवू लागलो. ती समोर गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसली, लहान मुलगी गोष्ट ऐकायला बसते तशी.

"सांग ना," ती म्हणाली. "कसं होतं ते गाव?"

मी सांगितले. किल्ल्याचे काळे बुरुज सांगितले, धूर नसलेला डोंगर, दोरीवरचे कपडे. म्हातारीची टोपली सांगितली तेव्हा ती टाळी वाजवून हसली आणि म्हणाली, "बाप्पा! चौथ्या मजल्यावरून?" बिनकाट्याची वांगी सांगितली, मेणबत्त्या सांगितल्या, उंचावरून दिसणारे बंदर सांगितले, त्यात आमचे पांढरे जहाज. "मंग भूक लागली," मी म्हटले, "आन आम्ही जेवाले खाली उतरलो."

तिथे मी थांबलो. माय माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिने टोपल्यातली अर्धी भाकर माझ्या ताटात वाढली. पुढचे तिने विचारले नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही.